रिमोट शटर रिलीज: कोणता घ्यायचा, कसा जोडायचा आणि रात्रीच्या फोटोंसाठी कसा वापरायचा

कॅमेरा ट्रायपॉडवर नीट बसवलाय, फोकसही बरोबर आहे, तरी संध्याकाळच्या पुलाचा फोटो मोठा करून पाहिला की दिव्यांच्या कडा दुहेरी दिसतात. बहुतेक वेळा दोष बोटाचा असतो. शटरचं बटण दाबताना आपण कॅमेरा किंचित खाली ढकलतो आणि बोट उचललं की तो परत वर येतो. १/५०० सेकंदाच्या फोटोत हे दिसत नाही. वीस सेकंदांच्या फोटोतही फारसं दिसत नाही, कारण हादरा अर्ध्या सेकंदात शमतो आणि उरलेला सगळा वेळ कॅमेरा स्थिर असतो. खरी पंचाईत होते ती १/३० ते १ सेकंदाच्या पट्ट्यात. तिथे हादरा एक्स्पोजरचा, म्हणजे शटर उघडं असण्याच्या वेळेचा, बराचसा भाग खाऊन टाकतो.

तेवढ्यासाठी मात्र लगेच रिमोट, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायचं वेगळं बटण, विकत घ्यायची गरज नाही. प्रत्येक कॅमेऱ्यात सेल्फ टायमर असतो आणि बहुतेकांत तो २ सेकंदांवर ठेवता येतो. बटण दाबा, हात काढा, दोन सेकंदांत हादरा शमतो, मग फोटो निघतो. निसर्गदृश्य, इमारत, टेबलावरची वस्तू अशा न हलणाऱ्या विषयांना हे पुरतं.

रिमोटची खरी गरज दोन ठिकाणी लागते. एक, नेमका क्षण आपल्याला पकडायचा असतो तेव्हा: फटाका फुटताना, लाट खडकावर आदळताना, पक्षी घरट्यावर उतरताना. दुसरी, शटर ३० सेकंदांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं असतं किंवा एकामागून एक शेकडो फोटो घ्यायचे असतात तेव्हा. या दोन्ही गोष्टी टायमरने होत नाहीत.

कोणता रिमोट घ्यायचा

नवशिक्यांनी पहिला रिमोट साधा वायरचा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याला बॅटरी लागत नाही, पेअरिंग (बिनतारी जोडी जुळवणं) लागत नाही, उन्हात किंवा गर्दीत तो अडत नाही. आत दोनच संपर्क असतात: बटण अर्धं दाबलं की फोकसचा, पूर्ण दाबलं की शटरचा. इतक्या साध्या वस्तूत बिघडायला फारसं काही नसतंच.

पण प्लग कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार वेगळा असतो, आणि खरेदीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आधी कॅमेऱ्याच्या बाजूची रबरी झाकणं उघडून आत कोणती खाच आहे ते पाहा, मगच ऑर्डर द्या.

कॅननमध्ये दोन प्रकार आहेत. १५००डी, ८०डी, ९०डी, आर६, आर७ यांसारख्या कॅमेऱ्यांत २.५ मिलिमीटरची गोल खाच असते. तिला ई३ म्हणतात आणि कंपनीचा रिमोट आरएस-६०ई३. ५डी मालिका, ७डी, ६डी, आर५ यांत तीन पिनांची एन३ खाच असते, तिचा रिमोट आरएस-८०एन३. नावातले ६० आणि ८० हे केबलची लांबी सांगतात, सेंटिमीटरमध्ये. निकॉनच्या डी५१०० ते डी५६००, डी७००० ते डी७५००, डी७५०, झेड६, झेड७ यांना एमसी-डीसी२ चालतो. डी८५०, डी५००, झेड८, झेड९ यांना गोल दहा पिनांची खाच असते आणि तिचा रिमोट एमसी-३०ए. सोनीच्या ए६०००, ए६४००, ए७ थ्री यांच्यासाठी आरएम-व्हीपीआर१. फुजीफिल्ममध्ये मॉडेलनुसार २.५ मिलिमीटरचा आरआर-१०० किंवा मायक्रो यूएसबीचा आरआर-९० लागतो. फुजीच्या काही कॅमेऱ्यांत शटर बटणाच्या मधोमध आटे असलेलं भोक दिसतं. तिथे फिल्मच्या काळातली, आत तार सरकणारी यांत्रिक केबल आजही आटे फिरवून बसवता येते.

काही स्वस्त कॅमेऱ्यांत रिमोटची खाचच नसते. निकॉन डी३५०० ला केबलची खाच नाही आणि इन्फ्रारेडचा किरण झेलणारा ग्राहकही (रिसीव्हर) नाही. तिथे मोबाइल अॅपचाच पर्याय उरतो. जुना कॅमेरा विकत घेताना हे आधी बघावं, विशेषतः रात्रीच्या आकाशाची आवड असेल तर.

कंपनीच्या मूळ रिमोटऐवजी बाजारात मिळणारा साधा रिमोट घेतला तरी काम तेच होतं, आणि किंमत बरीच कमी पडते. घेताना केबलच्या टोकाचा फोटो आपल्या खाचेशी ताडून पाहा. २.५ मिलिमीटरचा प्लग आणि मायक्रोफोनचा ३.५ मिलिमीटरचा प्लग दिसायला सारखेच असतात. मोठा प्लग छोट्या खाचेत जोर लावून कधीही घालू नका.

बिनतारी प्रकारांपैकी इन्फ्रारेडचा रिमोट सगळ्यात छोटा: कॅननचा आरसी-६, निकॉनचा एमएल-एल३. त्याचा किरण सरळ रेषेत जातो आणि पल्ला सुमारे पाच मीटर. कॅमेऱ्याचा ग्राहक बहुधा पुढच्या बाजूला, ग्रिपवर असतो. त्यामुळे स्वतः फोटोत असाल तर तो छान चालतो, पण कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबला तर काहीच होत नाही. भर उन्हातही तो दगा देतो. ब्लूटूथच्या रिमोटला सरळ रेषेची गरज नसते, एकदा जोडी जुळवली की झालं. कॅननचा बीआर-ई१ आणि सोनीचा आरएमटी-पी१बीटी हे त्यातले. घरट्यापासून वीस-तीस मीटर दूर आडोशाला बसायचं असेल तर रेडिओ लहरींचा संच लागतो. त्यात एक भाग हातात असतो आणि दुसरा कॅमेऱ्याला केबलने जोडलेला.

मोबाइल अॅपने फुकटात काम होतं आणि फ्रेम मोबाइलवर दिसते, ही मोठी सोय. पण कॅमेऱ्याचं वायफाय चालू राहिलं की बॅटरी भराभर उतरते, बटण दाबणं आणि शटर उघडणं यांत फरक पडतो आणि अंधाराला सरावलेले डोळे मोबाइलच्या उजेडाने दिपतात.

पहिला सराव घरातच करा

डोंगरावर, अंधारात, थंडीत पहिल्यांदा रिमोट उघडू नका. घरात घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवून अर्धा तास सराव करा.

१. कॅमेरा बंद करून प्लग शेवटपर्यंत बसवा. ई३ चा प्लग पूर्ण आत गेला नाही तर फोकस होतो पण शटर उडत नाही, किंवा उलट. याचं कारण प्लगच्या रचनेत आहे. टोक म्हणजे शटर, मधली कडी म्हणजे फोकस आणि मागचा भाग सामाईक. अर्धवट बसलेला प्लग यातलं एखादंच जोडतो. एन३ आणि दहा पिनांचे प्लग मात्र खाचेशी दिशा जुळवूनच लावावे लागतात.

२. केबलचा एक वळसा ट्रायपॉडच्या पायाला रबरबँडने किंवा वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. लोंबती केबल वाऱ्याने हलते आणि तोच हादरा कॅमेऱ्यापर्यंत पोचवते. शिवाय अंधारात तिला पाय अडकला तर खाच उखडते, आणि तो खर्च रिमोटच्या कितीतरी पट असतो.

३. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायच्या मोडवर ठेवा. घरातल्या दिव्यात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), १ सेकंद इथून सुरुवात करा.

४. लेन्सवर किंवा कॅमेऱ्यात प्रतिमा स्थिर करणारी यंत्रणा असेल तर ती ट्रायपॉडवर बंद करा. काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात, काही ओळखत नाहीत आणि नसलेलं कंपन शोधत स्वतःच हलत राहतात.

५. रिमोटचं बटण अर्धं दाबा, फोकस होऊ द्या, मग पूर्ण दाबा. दोन टप्प्यांमधला फरक अंगठ्याला कळेपर्यंत हे करा.

६. आता फोकस एकदा लागल्यावर लेन्सवरचा किंवा मेन्यूतला स्विच मॅन्युअल फोकसवर न्या आणि पुन्हा दाबा. यापुढे कॅमेरा फोकस शोधत बसणार नाही, दाबताक्षणी फोटो काढेल. रिमोटचं जवळजवळ सगळं काम याच स्थितीत करायचं असतं.

७. बटण पूर्ण दाबून पुढे सरकवा. ते तिथेच अडकून राहतं, हे लॉक. मागे सरकवलं की सुटतं.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर आणखी दोन गोष्टी. शटर उघडण्याआधी आतला आरसा वर उडतो आणि त्याचाही हादरा बसतो. मेन्यूत मिरर लॉकअप असेल तर तो चालू करा. मग रिमोट पहिल्यांदा दाबला की आरसा वर जातो, दोन-तीन सेकंद थांबून दुसऱ्यांदा दाबला की फोटो निघतो. निकॉनच्या काही मॉडेल्समध्ये त्याऐवजी एक्स्पोजर डिले (आरसा वर गेल्यावर थोडं थांबून शटर उघडणं) असतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, काम केलं तरी बऱ्याच मॉडेल्सवर हा हादरा टळतो. दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरची. डोळा लावलेला नसताना मागून उजेड आत शिरतो, ऑटो किंवा एव्ही मोडमध्ये (छिद्र आपण ठरवायचं, वेळ कॅमेऱ्याने) कॅमेरा तो उजेड मोजतो आणि फोटो काळपट काढतो. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या बऱ्याच पट्ट्यांवर रबराचं छोटं झाकण ओवलेलं असतं, ते यासाठीच. नसेल तर काळं कापड टाका.

बल्ब मोड

बहुतेक कॅमेऱ्यांत शटर ३० सेकंदांपर्यंत आपोआप चालतं. त्यापुढचा टप्पा म्हणजे बल्ब: बटण दाबून धराल तितका वेळ शटर उघडं. पूर्वी हवेचा रबरी फुगा दाबून शटर उघडत, तो दाबून धरला की उघडं, सोडला की बंद. हे नाव त्यावरून आलं. काही कॅमेऱ्यांत डायलवर बी असतं, बाकीच्यांत एम मोडमध्ये शटरचा आकडा ३० सेकंदांच्या पलीकडे फिरवला की बल्ब येतं. सोनीवर सतत शूटिंग किंवा सायलेंट शूटिंग चालू असेल तर बल्ब मिळत नाही. आधी ते बंद करा.

बल्बमध्ये बोटाने बटण दाबून धरणं व्यर्थ आहे, कारण दोन मिनिटं बोट स्थिर राहत नाही. रिमोट दाबा, लॉक करा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ बघा, वेळ झाली की लॉक सोडा. इन्फ्रारेड रिमोटमध्ये धरून ठेवायचं नसतं: एकदा दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की बंद.

दिवसा बल्ब लागतो तो गडद एनडी फिल्टरबरोबर, म्हणजे लेन्ससमोर बसवायच्या काळ्या काचेबरोबर. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दहा स्टॉपचा फिल्टर उजेड सुमारे हजारपट कमी करतो, नेमकं सांगायचं तर १०२४ पट. फिल्टरशिवाय एक्स्पोजर १/६० सेकंद असेल तर फिल्टर लावून सुमारे १७ सेकंद, १/१५ असेल तर ६८ सेकंद, १/८ असेल तर दोन मिनिटं आठ सेकंद. फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्यापूर्वी ठरवा, मॅन्युअल फोकस करा, मगच फिल्टर हलक्या हाताने बसवा. पावसाळ्यातल्या ओढ्या-धबधब्यांना एवढं लागत नाही, पाणी मऊ दिसायला अर्धा ते दोन सेकंद पुरे होतात. तिथे रिमोटपेक्षा लेन्सवरचे तुषार पुसायचं कापड जास्त उपयोगी पडतं.

ताऱ्यांच्या रेषा

साध्या वायरच्या रिमोटचं सगळ्यात सुंदर काम म्हणजे ध्रुवताऱ्याभोवती फिरलेल्या ताऱ्यांचा फोटो. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम: आकाश स्वच्छ, रात्री लांब. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि उत्तरेला शहर नसेल अशी जागा शोधा.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर असतो तितके तुमच्या गावाचे अक्षांश. पुण्याहून तो साडेअठरा अंशांवर दिसतो, नागपूरहून एकवीस, पणजीहून साडेपंधरा. हात पुढे ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते. म्हणजे पुण्यात उत्तर क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर. इतका खाली असल्यामुळे आपल्याकडे किल्ल्याचा बुरूज, देऊळ किंवा झाड त्याच्या खाली सहज बसवता येतं. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला तोच साडेएक्कावन्न अंशांवर दिसतो, तिथे कॅमेरा बराच वर उचलावा लागतो.

आकाश तासाला १५ अंश फिरतं. एका तासात प्रत्येक ताऱ्याची रेषा १५ अंशांची होते. ती डोळ्यांत भरण्याएवढी असते, दोन तास दिलेत तर वर्तुळांची जाणीव पक्की होते.

एकच तासभर शटर उघडं ठेवण्यापेक्षा ३० सेकंदांचे अनेक फोटो घेऊन नंतर संगणकावर जोडणं चांगलं. एखादी गाडी दिवे लावून आली, कुणी बॅटरी मारली, तर तेवढाच एक फोटो वगळता येतो. शिवाय सेन्सर तापून येणारे ठिपके कमी पडतात.

मांडणी अशी: एम मोड, ३० सेकंद, एफ/२.८ ते एफ/४, आयएसओ ८०० ते १६००. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक ताऱ्यावर १० पट मोठं करून, तारा सगळ्यात बारीक दिसेपर्यंत, आणि मग मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, रंग फोटोगणिक बदलतो. ड्राइव्ह मोड (बटण दाबल्यावर एक फोटो की सलग, हे ठरवणारा) सतत शूटिंगवर. आता रिमोट दाबून लॉक करा. कॅमेरा एक फोटो संपला की दुसरा सुरू करतो, तुम्ही लॉक सोडेपर्यंत. यासाठी महागडा टायमरचा रिमोट लागत नाही.

इथे दोन गोष्टी चुकतात. एक, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब फोटोतले ठिपके कमी करायची सोय) चालू राहतं. मग प्रत्येक ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ काळा फोटो घेत बसतो आणि रेषेऐवजी तुटक टिंबं येतात. ते बंद करा. दुसरी, निकॉनच्या काही मॉडेल्सवर सतत शूटिंग १०० फोटोंनंतर थांबतं. आवाजाकडे कान ठेवा, थांबलं की लॉक सोडून लगेच पुन्हा लावा.

तासाभरात ११० च्या आसपास फोटो होतात, १२० नाही. कारण कॅमेऱ्यावर लिहिलेले ३० सेकंद बहुतेक वेळा प्रत्यक्षात ३२ असतात. शटरचे आकडे दुपटीने वाढतात, १६ च्या पुढचा पूर्ण टप्पा ३२ चा, आणि लेबल सोयीसाठी ३० चं. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल २५ ते ३० एमबी धरली तर तासाला तीन-सव्वातीन जीबी जागा लागेल. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. पहाटेकडे लेन्सवर दव जमतं, म्हणून दर वीस मिनिटांनी बाजूने बॅटरीचा मंद उजेड टाकून काच पाहा. जोडणीसाठी स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर सोपं आहे.

टायमरचा रिमोट घेतलात तर

पडदा असलेल्या रिमोटवर चार आकडे असतात: डिले म्हणजे सुरुवातीचा थांबा, लाँग म्हणजे शटर किती वेळ दाबून धरायचं, इंटरव्हल म्हणजे दोन फोटोंमधला काळ आणि एन म्हणजे किती फोटो. कॅमेरा बल्बवर असेल तरच लाँगचा आकडा एक्स्पोजर ठरवतो. कॅमेऱ्यावरच ३० सेकंद लावले असतील तर लाँग १ सेकंद ठेवा, रिमोटने फक्त बटण दाबायचं आहे.

इंटरव्हलचा अर्थ मात्र सगळ्या रिमोटवर एक नाही. काही रिमोट तो एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, काही आधीचा संपल्यापासून. लाँग ५ आणि इंटरव्हल ८ लावून स्टॉपवॉचने मोजा. सुरुवाती आठ सेकंदांच्या अंतराने आल्या तर पहिला प्रकार, तेरा सेकंदांच्या तर दुसरा. पहिल्या प्रकारात, कॅमेऱ्यावर ३० सेकंद लावून इंटरव्हल ३१ ठेवला तर एक आड एक फोटो गळतो, कारण ३१ व्या सेकंदाला शटर अजून उघडंच असतं. ३४ ठेवा.

फटाके आणि विजा

फटाक्यांना बल्ब, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, फोकस दूरच्या दिव्यावर लावून मॅन्युअल. बाण वर निघाला की दाबा, फुलं विझली की सोडा. दोन ते सहा सेकंद होतात. एकाच फोटोत दोन-तीन हवे असतील तर शटर उघडंच ठेवून मधल्या वेळेत लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न लावता.

मे-जूनमधल्या वळवाच्या विजांना ताऱ्यांसारखंच सतत शूटिंग आणि लॉक, १० ते २० सेकंदांचे फोटो. पण हे घरातून, खिडकीच्या आतूनच करा. उघड्या टेकडीवर धातूच्या ट्रायपॉडशेजारी केबल हातात धरून उभं राहणं जिवावरचं आहे, आणि रिमोट लांबून चालतो म्हणून तो धोका कमी होत नाही.

फोटो निघत नसेल तर

आधी फोकस पाहा. ऑटोफोकस चालू आहे आणि अंधारात कॅमेऱ्याला काही सापडत नाही, तर तो शटर उडवतच नाही. रिमोट बिघडला म्हणून येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी इथेच मिटतात.

इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ असेल तर ड्राइव्ह मोड रिमोटवर आहे का? निकॉनवर इन्फ्रारेड मोड ठरावीक वेळाने आपोआप सुटतो, तो वेळ मेन्यूत वाढवता येतो. मग बॅटरी: आरसी-६ ला सीआर२०३२, एमएल-एल३ ला जाडीने थोडी कमी असलेली सीआर२०२५. या एकमेकींच्या जागी वापरू नका. एकच फोटो निघून कॅमेरा गप्प झाला तर मिरर लॉकअप चालू राहिलंय का ते पाहा. प्रत्येक फोटोला दोनदा दाबावं लागत असेल तर कारण नक्की तेच. केबल हलवली की कधी चालते, कधी नाही, असं झालं तर प्लगच्या मुळाशी आतली तार तुटलेली असते, ती दुरुस्त करण्यापेक्षा नवी घ्यावी.

काम झालं की लॉक सोडलंय ना पाहा, कॅमेरा बंद करा, प्लग केबलला न धरता प्लगलाच धरून काढा, रबरी झाकण बसवा. केबल कोनात न मोडता सैल गुंडाळा. टायमरच्या स्वस्त रिमोटला अनेकदा बंद करायचं बटण नसतं, म्हणून त्याचे सेल काढून वेगळे ठेवा. नाहीतर पुढच्या अमावास्येला ते उतरलेले सापडतील.